आठ मिलिमीटर जास्तीचे

फार्मिंग्टनच्या बाहेर, जिथे गॅसच्या विहिरी रात्रभर
झोपेत पुटपुटल्यासारख्या धपधपतात,
तिथे माझ्या गॅरेजात
चपलांच्या खोक्याएवढा एक ट्रक उताणा पडलाय.
मागचा अ‍ॅक्सल गेला त्याचा. वालुकाश्मावर,
चढ अर्धा राहिला असताना,
दाढ मोडावी तसा आवाज झाला
आणि चाक नुसतंच गिरक्या घेत राहिलं.
रिमोट माझ्या हातात, हुकूम सगळे वाऱ्यावर.

कंपनीनं तो बनवणं कधीच सोडलंय.
मग चर्चच्या मागच्या जुन्या बाजारात, बारा डॉलरला,
एल्रॉय बेनाली नावाच्या पोरानं
दुसऱ्याच घराण्यातल्या ट्रकचा अ‍ॅक्सल हातावर ठेवला.
बसेल का, विचारलं.
"बसवलात तर," म्हणाला, आणि नोटा मोजू लागला.

बसवणं म्हणजे काय, ते तीन संध्याकाळी कळलं.
आठ मिलिमीटर रुंद. भोकं भोकांना ओळख देईनात.
दांडे आखूड, शाफ्ट तिरका, वळताना कण्हणारा.
चाळीस वर्षं मी पाइप जोडले,
चौदा इंची, वीस इंची, भर वाळवंटात उभा राहून;
आता चष्म्यावर चष्मा चढवून
तांदळाच्या दाण्याएवढा स्क्रू शोधतो, गुडघे टेकून,
आणि सापडला की कुणी बघत नाही ना, ते पाहून हसतो.
पितळेच्या चकत्या घातल्या. कानशीनं घासलं.
माप चुकलं, तेव्हा पट्टीला शिव्या घातल्या.

आत नेड्रा ताटल्या वर्तमानपत्रात गुंडाळते आहे.
तिला टूसॉनला जायचंय, मुलीजवळ.
मी नाही म्हणालेलो नाही.
मी फक्त रोज जेवण झालं की गॅरेजात येतो.

चौथ्या दिवशी जुळलं. बॅटरी लावून
सरळ अंगणात सोडला, त्या पाटीशेजारी,
'घर विकणे आहे'च्या, जी वाऱ्यानं दर दुपारी कलते
आणि जी सरळ कोण करतं, ते मला ठाऊक आहे.
बोट दाबलं.
पुढची चाकं पुढे.
मागची चाकं मागे.
ट्रक जागच्या जागी, मधोमध ताणलेला,
थरथरतोय, धूळ दोन्हीकडे,
जाईना कुठेच.
मी पुन्हा दाबलं, अजून जोरात,
जणू जोर कमी पडत होता.

नेड्रा दारात, हातात अर्धी गुंडाळलेली वाटी.
सत्तावीस वर्षं शाळेची बस हाकलीय तिनं,
इंजिनाचं दुखणं नुसत्या वासावरून सांगायची.
"आतला गिअर उलट्या अंगाला आलाय," म्हणाली,
आणि हसली. चौकट धरून हसली.
या वर्षात ते हसू ऐकलं नव्हतं मी.
ट्रकला हसली की आणखी कशाला, विचारलं नाही.

रात्री खोललं. खरंच, उजवीकडचं डावीकडे.
फिरवून घातलं, ग्रीस भरलं.
ती टॉर्च धरून उभी. मी म्हणेन तिथे उजेड पाडायची नाही,
तिला वाटेल तिथे पाडायची,
आणि स्क्रू नेमका तिथेच असायचा.

आता चालतो. फक्त मागची चाकं
पुढच्यांच्या खुणांवरून जात नाहीत,
जराशी बाहेरून जातात.
वाळूत दोन रेघा असायच्या, तिथे चार उमटतात.

आज सकाळी तोच चढ.
नेड्राही आली, घडीची खुर्ची नि उन्हाची टोपी घेऊन.
अर्ध्यावर घसरला. मग मागचं एक चाक,
त्या जास्तीच्या रुंदीमुळेच म्हणा,
एका फटीत रुतून तग धरून राहिलं.
"दम खाऊ दे त्याला," ती म्हणाली.
मी बोट उचललं.

दगडावर तो तसाच, ना वर ना खाली.
दूर छपरांच्या गर्दीत आमचं छप्पर शोधत
ती म्हणाली, टूसॉनलाही दगड असतीलच.
असतील, मी म्हणालो.
बॅटरी अजून अर्धी होती.